रविवारचं गॅरेज आणि घरातली लक्ष्मणरेषा



रविवार उजाडला की काही घरांतली पुरुषमंडळी वर्तमानपत्र घेऊन बसतात, काही पिशवी घेऊन बाजाराला जातात आणि काही पाने-पक्कडीचा डबा घेऊन अंगणात उतरतात. आमचे 'हे' तिसऱ्या गटातले. गाडीचं बॉनेट एकदा उघडलं की यांना जेवणाची शुद्ध राहत नाही. गाडीचं आटोपलं की संगणक, संगणकाचं आटोपलं की प्रिंटर. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरंच. पण संसार करणाऱ्या बाईला मोल बघावंच लागतं. म्हणून या आठवड्यात स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू आणि या घरगुती कारखान्याकडे वळू.

आमच्या आसगावसारख्या गावात घरची दुरुस्ती ही नुसती हौस नाही, गरज आहे. जरा मोठं काम निघालं की पवनी गाठायची, त्याहून मोठं निघालं की भंडारा नाहीतर नागपूर. संगणकासाठी तर मशीन गोधडीत गुंडाळून न्यावं लागतं आणि तिथे गेल्यावर कळतं, की वायरच सैल होती! तेव्हा घरी हात घालणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. कोणतं काम घरी करायचं आणि कुठे हात आखडायचा, ही रेघ घरातल्या बाईलाही ठाऊक हवी. रेघेच्या अलीकडची कामं तिने स्वतः शिकावीत आणि पलीकडच्या कामाला ठामपणे 'नाही' म्हणावं. दुरुस्ती करताना हौसेच्या भरात माणसाला थांबायचं कुठे ते सुचत नाही. बाजूला उभं राहणाऱ्याला ते दिसतं.

जुनी गाडी आणि नवी गाडी

आपल्या वडिलांच्या पिढीत गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबेसेडर. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून विकली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी निवृत्त झाली. त्या गाड्यांत कार्बुरेटर असे. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण एका स्क्रूने कमीजास्त करता येई, ठिणगीचे पॉइंट घासून साफ करता येत. कान तयार असला की अर्धा मिस्त्री घरातच!

आता तसं राहिलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-सहा हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. आजच्या गाडीत पेट्रोल किती जावं आणि ठिणगी कधी पडावी हे एक छोटा संगणकच ठरवतो. म्हणजे ज्याला आपण गाडी म्हणतो, तीही आता चाकांवरचा संगणक झाली आहे. म्हणूनच या दोघांचा विचार मी एकाच लेखात करते आहे.

हौसेला कुठवर पंख फुटतात याचं एक उदाहरण सांगते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून मुलासाठी एक छोटी जीपसारखी गाडी घरीच तयार केली. सुमारे साठ हजार रुपये खर्च आला, आणि ती सुरू व्हायची स्कूटरसारखी किक मारून! २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या कलेची तोंडभरून स्तुती केली. पण ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळाली. कौतुक आणि मर्यादा, दोन्ही एकाच वेळी सांगता येतात. घरातही आपल्याला नेमकं हेच करायचं असतं, नाही का?

रोग चार, नावं अनेक

गाडी असो की संगणक, घरगुती बिघाडाची कारणं बहुधा चारच निघतात: सैल जोड, धूळ, उष्णता आणि थकलेली बॅटरी. आपल्या सर्दी-खोकल्यासारखंच. आधी साधं कारण बघावं, मग मोठ्या रोगाचं नाव घ्यावं.

जोडापासून सुरुवात करू. संगणक सुरू आहे, पंख्याचा आवाज येतो आहे, पण पडदा काळा. घाबरू नका. पडद्याचा स्वतःचा दिवा लागला आहे का? मागची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का? आमच्या शाळेत परीक्षेच्या गुणपत्रिका काढायच्या दिवशी संगणक 'मेला' होता. सफाई करताना कुणाचा तरी झाडू लागून वायर अर्धी निघाली होती, एवढंच! वायरी नीट असूनही पडदा काळा राहिला, तर आतली स्मरणपट्टी सैल झालेली असू शकते. वीज बंद करून, प्लग काढून ती बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवायची. हाताळण्याआधी डब्याच्या धातूला एकदा हात लावून घ्यावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

आता एक गमतीचा बिघाड. संगणकाची तारीख रोज सकाळी कितीतरी वर्षं मागे जाते आणि इंटरनेटवरची बँकेची पानं उघडत नाहीत. त्यात कुठलाही विषाणू नाही. आत बटणाएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो, सी-आर-२०३२ नावाचा. मशीन बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख चुकते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीखच खोटी असली की संगणकाला ते प्रमाणपत्रही खोटं वाटतं. सेल बदला, तारीख लावा, काम झालं. घरात तान्हं मूल असेल तर तो जुना सेल मात्र हाताशी ठेवू नका. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. चिकटपट्टीत गुंडाळूनच तो टाकायला द्यावा.

बॅटरी: घरातल्या बाईने शिकायची पहिली विद्या

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हे प्रशिक्षणासाठी नागपूरला होते आणि रात्री अकराला धाकटीचा ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. गाडी चालवायला मी शिकलेली होते. पण चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. सासूबाई दारात छत्री घेऊन उभ्या. मी बॉनेट उघडलं, टॉर्च धरली. बॅटरीच्या एका टोकावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी साचली होती आणि पट्टी हाताने हलत होती. दहा नंबरचा पाना घेतला, पट्टी जरा फिरवून बसवली, घट्ट आवळली. गाडी सुरू झाली. पवनीला पोचलो, सलाइन लागलं, सकाळी पोर हसत उठली. हे सगळं मला कसं सुचलं? रविवारी चहा द्यायला गेले की दोन मिनिटं थांबून बघायची मला सवय होती, म्हणून. आणि बायांनो, दुखणं जिवावरचं असेल तर गाडीच्या नादी न लागता आधी १०८ ला फोन लावायचा, हेही पक्कं लक्षात असू द्या.

चावी फिरवल्यावर 'टक्-टक्' आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली किंवा जोड खराब. दिवे झगझगीत आहेत पण इंजिन फिरतच नाही, तर दोष बहुधा स्टार्टरकडे. ते काम मिस्त्रीचं. दोन-चारशे रुपयांत मिळणारं मल्टिमीटर घरात असू द्यावं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बाराच्या खाली गेली की समजावं, दम संपला. इंजिन चालू असताना हाच आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. तो वाढलाच नाही तर बॅटरी बदलून उपयोग नाही, तिला भरणारं यंत्र बिघडलं आहे. हा एक आकडा ठाऊक असला तर कुणी उगाच नवी बॅटरी आपल्या गळ्यात मारू शकत नाही!

भुकटी साफ करण्याची रीत अशी. इंजिन बंद, चावी बाहेर. आधी काळी म्हणजे ऋण बाजूची पट्टी सोडायची, मग लाल. लावताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. कारण गाडीचा सगळा पत्रा ऋण बाजूला जोडलेला असतो. काळी तशीच ठेवून लाल सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासलं की भुकटी फसफसून निघते. आम्लावर सोडा, आपल्या ढोकळ्यासारखंच! फक्त हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. पुसून, वाळवून, पट्ट्या आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा.

ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिच्यात पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. नळाचं नाही, विहिरीचं नाही आणि स्वयंपाकघरातल्या फिल्टरचंही नाही. त्यातले क्षार आतल्या पट्ट्यांवर बसतात. आम्ल तर कधीच वरून घालू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी लवकर आटतं, तेव्हा चैत्र ते ज्येष्ठ महिन्यातून एकदा नजर टाकावी.

आता जी गोष्ट पुरुषांच्या ध्यानात येत नाही ती सांगते. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी कुठे ठेवली आहे तुमच्याकडे? देवघराखालच्या कपाटात? गॅसच्या शेगडीशेजारी? ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो चटकन पेट घेतो. वर निरांजन, उदबत्ती आणि खाली कोंडलेला हायड्रोजन! आजच्या आज ती मोकळ्या हवेच्या जागी हलवायला सांगा.

धूळ, ऊन आणि धान

आमच्या चौरास भागात धान घरात येण्याचे दिवस म्हणजे उंदरांचीही दिवाळी. रात्री थंडी पडली की गरम इंजिनवर ते मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी तणसाच्या ढिगाशेजारी उभी करू नये, मागच्या सीटखाली धानाचा दाणा सांडलेला ठेवू नये आणि त्या दिवसांत सकाळी सुरू करण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघावं. लेंड्या दिसल्या की वेळीच सावध व्हावं. एक तुटलेली वायर शोधायला मिस्त्रीला दिवस लागतो.

कोंढ्याची बारीक धूळ संगणकालाही तितकीच वाईट. आतला पंखा धुळीने भरला की उष्णता बाहेर पडत नाही आणि मे महिन्यात मशीन मधूनच बंद पडतं. ते बिघडलेलं नसतं, स्वतःला जपत असतं. प्लग काढून, मऊ ब्रशने धूळ झाडावी. हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते गरगर फिरून खराब होतं. आणि संगणकावर सुंदरसा भरतकामाचा रुमाल घालायची आपली सवय! तो बंद असतानाच घालावा, चालू असताना नाही.

प्रिंटरचं दुखणं उलटं असतं. तो न वापरल्याने बिघडतो. शाईचा प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान छापायला लावावा, नाहीतर शाई तोंडाशी वाळते. पावसाळ्यात कागद दमट होऊन अडकतात, तेव्हा कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. अडकलेला कागद हिसडा देऊन ओढू नये. प्रिंटर बंद करून, कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढावा.

भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय तर घरोघरी. आपण धानाच्या जिल्ह्यातल्या बाया, तांदळाला काही तोटा नाही! पण अ‍ॅपल कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच आपल्या ग्राहकांना सांगितलं, की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं. फोन बंद करावा, तोंड खाली करून पाणी निथळू द्यावं आणि वाऱ्याच्या जागी कोरडा होऊ द्यावा. वाळल्याशिवाय चार्जर लावू नये. संगणकाच्या कळफलकावर चहा सांडला तरी हेच: आधी वीज बंद, मग पालथा, मग धीर.

यंत्राने आकडा दाखवला म्हणून तो खराच, असंही समजू नका. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर चक्क ५६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. हवामान खात्याने पुढे सांगितलं, की मोजणारं उपकरणच बिघडलं होतं. घरातही तसंच. मीटरने विचित्र काही दाखवलं तर आधी मीटरचा सेल बघावा, मग गाडीला दोष द्यावा.

ही रेघ ओलांडायची नाही

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. हा कापून पाने-पक्कडीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. एका मिनिटासाठीही नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. विटांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर गाडी टेकवू नये, ते भाराखाली अचानक फुटतात. लोखंडी स्टँड नसतील तर खालचं काम घरी करायचंच नाही. चाक बदलतानासुद्धा हँडब्रेक ओढलेला आणि दुसऱ्या चाकांना दगड लावलेले हवेत, आणि लेकरं अंगणाबाहेर.

बंद छपरीत किंवा खोलीत इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी वाजत असताना झाकण काढतो का आपण? तसंच ते.

पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी वायरींना तर मुळीच नाही.

संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा आणि मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते. मायक्रोवेव्हमधली तर प्राणघातक.

फुगलेली मोबाइलची किंवा लॅपटॉपची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याने अंगणातच फोडायची नाही. आतलं शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. गाडीची जुनी बॅटरी दुकानात परत दिली तर नवीच्या किमतीत बहुधा सूटही मिळते.

आणि गाडीचे दोन दिवे ओळखायला शिका. तेलाच्या झारीचा लाल दिवा चालता चालता लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सवडीने दाखवा. उघडझाप करत असेल तर पुढे दामटू नका.

एक वही, एक सवय

आपण दूधवाल्याची, किराण्याची वही ठेवतो; तशी एक वही गाडीची आणि यंत्रांची ठेवावी. बॅटरी कधी घेतली, तेल कधी बदललं, यू-पी-एसचा सेल कधी टाकला, मिस्त्रीने काय केलं आणि किती घेतले. यू-पी-एसमधली लहान बॅटरी साधारण दोन ते चार वर्षांत थकते. वहीत तारीख असली की तो 'टीं टीं' करू लागताच कारण कळतं. हौशी माणसाची खोड अशी, की एकदम चार गोष्टी बदलतो आणि मग कशाने बरं झालं ते कुणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. सोडलेले स्क्रू चहाच्या बशीत, काढलेल्या क्रमाने. हात घालण्याआधी मोबाइलवर एक फोटो, म्हणजे परत जोडताना वाद नाही.

आणि संगणक उघडण्याआधी आतल्या फोटोंची, कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे का, हे नक्की विचारा. मशीन दुसरं घेता येतं. लेकीच्या बारशाचे फोटो दुसरे घेता येत नाहीत.

'ही पुरुषांची कामं, तू कशाला मध्ये?' असं कुणी म्हणालंच, तर वाद घालू नका. पाना हातात घ्या आणि विचारा, 'अहो, काळी आधी सोडायची की लाल?' उत्तर बरोबर आलं तर शाबासकी द्या. चुकलं, तर आता तुम्हाला ठाऊक आहेच.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात डाळी-कडधान्यं कीड न लागता कशी टिकवायची ते पाहू. तोवर इन्व्हर्टरची जागा बदलून घ्या बरं का!